न वाढणारी मुले आणि वय वाढलेला वाचक : ‘पो नो इचिझोकू’चे पुनर्वाचन

१

साहित्यकृतीच्या पुनर्वाचनाचा विचार करताना आपण एक गोष्ट बहुधा गृहीत धरून चालतो. संहिता जागच्या जागी स्थिर असते आणि मधल्या वर्षांत वाचक बदललेला असतो; या बदललेल्या वाचकाला जुन्या संहितेत जे नवे दिसते, ते पुनर्वाचनाचे फलित. रोलाँ बार्थ यांनी ‘एस/झेड’ (१९७०) या ग्रंथात पुनर्वाचनाची बाजू घेताना असे निरीक्षण नोंदविले आहे, की एकदा वाचलेली गोष्ट टाकून देऊन दुसरी विकत घ्यावयास लावणाऱ्या समाजात पुन्हा वाचण्याची मुभा मोजक्या वर्गांनाच असते : मुले, वृद्ध आणि प्राध्यापक. या निरीक्षणातील उपरोध बाजूला ठेवला, तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. लहान वयात वाचलेली कृती उतरत्या वयात पुन्हा हाती येते, तेव्हा नेमके कोण कोणाला भेटत असते?

या प्रश्नाच्या विचारासाठी जपानी चित्रकथाकार हागिओ मोतो (जन्म १९४९) यांच्या ‘पो नो इचिझोकू’, म्हणजे ‘पो घराणे’, या कथामालिकेची येथे निवड केली आहे. या निवडीमागे दोन कारणे आहेत. ही मालिका १९७२ ते १९७६ या काळात प्रसिद्ध झाली आणि चाळीस वर्षांनी, २०१६ मध्ये, लेखिकेने ती स्वतःच पुन्हा हाती घेतली. त्यामुळे वाचक बदलतो आणि संहिता स्थिर राहते, हे वरील गृहीत येथे लागू पडत नाही. येथे दोन्ही बाजू हललेल्या आहेत. दुसरे कारण असे, की ज्यांचे वय वाढत नाही अशी मुले हाच या मालिकेचा विषय आहे. पुनर्वाचनाचा जो अनुभव एरवी कलाकृतीच्या बाहेर घडतो, तो या कृतीच्या आशयातच गोवलेला आहे. तो कसा, आणि २०१६ नंतरच्या विस्ताराने त्याचे काय झाले, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

मालिकेचा मूळ भाग इंग्रजीत दोन खंडांत, २०१९ व २०२२ मध्ये, अनुवादित झाला. प्रस्तुत विवेचन त्या अनुवादाच्या आधारे केलेले असल्याने मूळ शब्दकळेविषयी विधाने टाळली आहेत आणि कथनाची रचना, पानाची मांडणी व पात्रसंबंध यांवरच भर दिला आहे. नंतरच्या भागांचा विचारही कथानकाच्या पातळीपुरताच मर्यादित आहे.

२

‘शोजो मांगा’ म्हणजे किशोरवयीन मुलींच्या मासिकांतून येणारी चित्रकथा. तेझुका ओसामु यांच्या ‘रिबोन नो किशी’ने (१९५३–५६) या प्रकाराला दीर्घ, साहसप्रधान कथानक मिळवून दिले, मात्र पुढेही बराच काळ मुलींनी काय वाचावे हे ठरविणारे संपादक आणि चित्रकार प्रामुख्याने पुरुष होते. १९७० च्या सुमारास हागिओ, ताकेमिया केइको, ओशिमा युमिको, यामागिशी र्‍योको अशा तरुण स्त्रिया या क्षेत्रात स्थिरावल्या. यांतील बहुतेकींचा जन्म शोवा कालगणनेच्या चोविसाव्या वर्षाच्या, म्हणजे १९४९ च्या, आसपासचा असल्याने त्यांना पुढे ‘चोवीस सालचा गट’ असे नाव पडले. पानावरील चौकटी मोडणे, मनोगताचे शब्द संवादाच्या फुग्याबाहेर मोकळे सोडणे, एका चित्रावर दुसरे चित्र सरकू देणे ही जी वैशिष्ट्ये आज या प्रकाराची ओळख मानली जातात, ती रुजविण्यात या लेखिकांचा वाटा मोठा आहे.

‘पो नो इचिझोकू’ची पहिली कथा ‘बेस्सात्सु शोजो कॉमिक’ या मासिकाच्या मार्च १९७२ च्या अंकात आली. १९७४ मध्ये मालिकेचा पहिला खंड निघाला, तेव्हा पहिल्या आवृत्तीच्या तीस हजार प्रती तीन दिवसांत संपल्या. ही लोकप्रियता नमूद करण्याचे कारण एवढेच, की येथे आपण एखाद्या अल्पवाचक प्रायोगिक कृतीविषयी बोलत नसून मासिकाच्या मुदती आणि पानांची मर्यादा सांभाळून घडलेल्या रंजनपर लेखनाविषयी बोलत आहोत.

कथेचा आधारभूत भाग थोडक्यात असा. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये एडगर आणि त्याची धाकटी बहीण मेरीबेल यांना जंगलात सोडून दिले जाते. हॅना पो नावाची वृद्धा त्यांना वाढविते. ती आणि तिचे आप्त ‘व्हॅम्पनेला’, म्हणजे रक्तपिपासू अमर्त्यांपैकी, असतात. एडगर चौदाव्या वर्षी त्यांच्यातला एक होतो आणि तेथेच थांबतो. पुढे मेरीबेलही या कुळात येते. १८७९ मध्ये एका किनाऱ्यावरील गावात रहस्य उघड होते, मेरीबेल चांदीच्या गोळीने नाहीशी होते आणि एडगर ॲलन ट्वायलाइट या एकाकी मुलाला आपल्यासोबत घेऊन निघून जातो. एडगर, ॲलन आणि पो ही तीन नावे एकत्र वाचली म्हणजे लेखिकेने कोणाचे ऋण मान्य केले आहे, हे निराळे सांगावे लागत नाही.

या अमर्त्यांचे नियम लेखिकेने विचारपूर्वक योजले आहेत. ते गुलाबांवर जगू शकतात. माणसांत वावरताना त्यांना नाडीचे ठोके आणि आरशातील प्रतिबिंब यांचे सोंग आणावे लागते. मुले वाढत नाहीत हे लोकांच्या ध्यानी येण्यापूर्वी त्यांना गाव सोडावे लागते. ती नष्ट होतात तेव्हा देह मागे राहत नाही. या शेवटच्या नियमाचे महत्त्व विशेष आहे. देह नाही म्हणून थडगे नाही, आणि थडगे नाही म्हणून ती होऊन गेली याला इतरांच्या आठवणीखेरीज दुसरा पुरावा नाही.

३

मूळ मालिकेतील पंधरा कथा कालक्रमाने येत नाहीत. शतके उलटसुलट होतात. मुख्य पात्रांचा पूर्वेतिहास आपल्याला बराच उशिरा कळतो. अनेक कथांत एडगर हा निवेदनाचे केंद्र नसून कोणीतरी ओझरता पाहिलेला मुलगा आहे. पहिल्याच कथेत चार्ल्स नावाचा मुलगा शेजारी राहावयास आलेल्या रुपेरी केसांच्या मुलीकडे ओढला जातो. ती कुटुंबासह निघून जाते. आणि प्रौढ वयात त्याला ती पुन्हा दिसते, होती तशीच. मालिकेचा आरंभ एका पुनर्भेटीने होतो, ही गोष्ट पहिल्या वाचनात लक्षात येत नाही, कारण त्या वेळी आपले कुतूहल ती मुलगी कोण यावर खिळलेले असते. दुसऱ्या वाचनात ते रहस्य उरलेले नसते. लक्ष जाते ते चार्ल्सकडे.

हीच रचना पुढे निरनिराळ्या रूपांत येत राहते. ‘ग्लेनस्मिथची डायरी’ या कथेत १८६५ साली वाट चुकलेला एक गृहस्थ पो कुळाच्या गावी पोहोचतो आणि परतून त्याची नोंद करतो. त्याच्या मृत्यूनंतर डायरी त्याच्या मुलीच्या, एलिझाबेथच्या, हाती येते. ती परदेशी संसार मांडते, दारिद्र्य आणि युद्धे पाहते, आणि कोठेतरी गुलाबांचे एक गाव आहे या कल्पनेचा आधार घेत जगते. मोजक्या पानांत कित्येक दशके सरतात. लिडेल या मुलीला एडगर आणि ॲलन जंगलातील घरात काही वर्षे सांभाळतात आणि ती मोठी होऊ लागल्यावर तिच्या आप्तांच्या स्वाधीन करून निघून जातात. ती कथा आपल्याला मोठ्या झालेल्या लिडेलच्या आठवणीतून मिळते. १९६६ सालात घडणाऱ्या कथेत जॉन ऑर्बिन हा संशोधक एडगरशी संबंध आलेल्या माणसांना एकत्र जमवितो. तेथे चित्रे, कागद आणि आठवणी एकमेकांशी ताडून पाहिल्या जातात.

ऑर्बिनची ही बैठक म्हणजे मालिकेच्या वाचकाचेच प्रतिरूप होय. विस्कळीत क्रमाने हाती आलेल्या कथांमधून एक सलग वृत्तांत जुळविण्याचे जे काम वाचक करीत असतो, तेच काम ही मंडळी करतात. त्यांना मिळत नाही ते वाचकालाही मिळत नाही. एडगर हाती येत नाही. हाती येतात ती त्याला पाहिल्याची साक्ष देणारी माणसे.

येथे या लेखाचे मुख्य प्रतिपादन मांडता येईल. ‘पो नो इचिझोकू’ अमरत्वाची कथा म्हणून वाचली जाते. पुनर्वाचनात मात्र तिचा खरा विषय मागे राहिलेले लोक हा असल्याचे प्रत्ययास येते. चौदा वर्षांच्या वाचकाला एडगर हा समवयस्क वाटतो आणि त्याच्याबरोबर निघून जावे असे वाटते. चाळिशी उलटलेल्या वाचकाला ती जागा उपलब्ध नसते. त्याची जागा चार्ल्सची, लिडेलची, एलिझाबेथची असते. विशेष म्हणजे ही जागा संहितेने आरंभापासूनच तयार ठेवलेली आहे. वय वाढलेल्या वाचकासाठी आधीच आसन मांडून ठेवणारी बालकुमार वाङ्मयातील कृती विरळाच.

‘चिमण्या पाखरांचे घरटे’ असे ज्या कथेचे शीर्षक मराठीत करता येईल, ती ‘कोतोरी नो सु’ (१९७३) या दृष्टीने महत्त्वाची आहे. एडगर आणि ॲलन १९५९ साली जर्मनीतील एका निवासी शाळेत येतात, कारण रॉबिन कार या मुलाला आपण नेऊ असे त्यांनी कधीकाळी सांगितलेले असते. ते पोहोचतात तेव्हा रॉबिन मरण पावलेला असतो. ज्यांच्यापाशी अमर्याद काळ आहे, त्यांना उशीर होतो. अमर्त्यांना ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ कळत नाही. वाट पाहणाऱ्या मुलाचे आयुष्य मात्र त्या एका शब्दात संपते. या कथेत अद्भुताचा उपयोग पळवाटेसाठी झालेला नाही. मर्त्य माणसाच्या काळाला धार आणण्यासाठी तो झालेला आहे.

४

मुलींच्या मासिकातील या मालिकेचे नायक दोन मुलगे असावेत, याची मीमांसा यापूर्वी पुष्कळ झाली आहे. मुलगी हे पात्र घेतले की घर, विवाह, लज्जा यांची बंधने आपोआप येतात. मुलाच्या देहातून वाचक मुलीला भटकण्याचे, रागावण्याचे, एकटे राहण्याचे स्वातंत्र्य कल्पनेत तरी भोगता येते, असे हे स्पष्टीकरण आहे. ते स्वीकारण्याजोगे आहे. परंतु आज मालिका पुन्हा वाचताना या स्वातंत्र्याची किंमत कोण देते, हा प्रश्न टाळता येत नाही.

मेरीबेल ही या जगातील प्रमुख अमर मुलगी. ती नाजूक आहे, सतत जपली जाते, तिच्या वतीने निर्णय घेतले जातात आणि प्रकाशनाच्या क्रमाने पाहता ती लवकरच नाहीशी होते. त्यानंतर ती एडगरच्या शोकाचा विषय म्हणून उरते. ॲलन तिची जागा घेतो, आणि आपण कोणाच्या तरी बदली आलो आहोत ही जाणीव त्याला सतत डाचते. एक मुलगी नाहीशी झाल्याशिवाय दोन मुलांचा प्रवास सुरू होत नाही. पहिल्या वाचनात भावुक करणारा हा भाग पुनर्वाचनात अस्वस्थ करतो. हे या मालिकेचे न्यून आहे आणि जिव्हाळ्यापोटी ते झाकण्याचे कारण नाही.

मात्र नजर जराशी वळविली की एक वेगळी वाटणीही दिसू लागते. ग्लेनस्मिथची डायरी टिकते ती त्याच्या मुलीमुळे. पुढे ती हस्तांतरित होते तीही घरातील स्त्रियांमधून, आणि तिच्या आधारे लिहिणारी मार्गा ही त्याच वंशातील स्त्री आहे. लिडेल आठवण सांगते. मुलांना अनंत काळ मिळाला आहे, पण वृत्तांत स्त्रियांकडे आहे. वाढणे, म्हातारे होणे, मरणे हे ज्यांच्या वाट्याला आले त्यांच्याच वाट्याला सांगणेही आले. एडगरला सांगता येत नाही, कारण सांगणे म्हणजे उघडे पडणे. वंशवृत्तांताला पित्याकडून पुत्राकडे जाण्याची जी रूढ दिशा असते, ती या कथेत लेखिकेने फारसा गाजावाजा न करता बदललेली आहे. मेरीबेलच्या बाबतीत झालेल्या अन्यायाची यामुळे भरपाई होत नाही. पण या कृतीतील स्त्रिया केवळ शोकाचे निमित्त आहेत, हे विधानही त्यामुळे टिकत नाही.

५

‘एडिथ’ या १९७६ च्या कथेने मालिका थांबली. कथेचा काळही १९७६ हाच आहे. दोन शतके मागेपुढे फिरणारे कथन वाचकाच्या वर्तमानाला येऊन मिळते आणि त्याच क्षणी आगीत ॲलन नाहीसा होतो. हा शेवट रचनेच्या दृष्टीने निर्दोष होता. त्याच वर्षी मालिकेला ‘जूइचिनिन इरु!’ या हागिओंच्याच विज्ञानकथेसह शोगाकुकान पुरस्कार मिळाला आणि पुढची चाळीस वर्षे ती पूर्ण झालेली कृती म्हणून वाचली गेली.

२०१६ मध्ये ‘फ्लॉवर्स’ या मासिकात ‘हारु नो युमे’ (‘वसंतातील स्वप्न’) सुरू झाली, तेव्हा लेखिका सदुसष्ट वर्षांची होती. ही कथा १९४४ च्या वेल्समध्ये घडते. जर्मनीतून आलेली ब्लांका आणि तिचा लहान भाऊ नोआ तिच्या केंद्रस्थानी आहेत. २०१८ पासून आलेल्या ‘युनिकॉर्न’मध्ये काळ पुढे, २०१६ पर्यंत, सरकतो. एडगर म्यूनिकमध्ये अवतरतो आणि त्याच्याजवळच्या पेटीत ॲलनचा जळून कोळसा झालेला अवशेष असतो. तो मेलेला नाही आणि जिवंतही नाही. त्यानंतर ‘हिमित्सु नो हानाझोनो’ आली आणि २०२२ मध्ये ‘आओ नो पांडोरा’ सुरू झाली.

या विस्तारावर एक आक्षेप सहज घेता येतो आणि तो बराचसा खरा आहे. जुन्या कथांत पो कुळ धुक्यात होते. नव्या भागांत कुळाचा उगम, त्यातील श्रेणी, इतर कुळांशी असलेले संबंध आणि वैर यांचा तपशील येत जातो. साक्षीदारांच्या तुकड्यातुकड्यांतून एडगरचा जो अंदाज येत होता, त्याच्या जागी आता कुळाच्या आतील हालचाली थेट पाहावयास मिळतात. स्पष्टीकरण वाढले की अद्भुत उणावते. ऑर्बिनच्या बैठकीत बसलेल्या वाचकाला कोणीतरी अचानक सगळी कागदपत्रे आणून द्यावीत, तसे काहीसे होते. बैठकीचे प्रयोजनच त्यामुळे संपते.

तरीही हा विस्तार निव्वळ पुनरावृत्ती म्हणून निकालात काढता येत नाही. त्यातील दोन गोष्टी मूळ कृतीच्या आशयाला पुढे नेतात. पहिली ब्लांकाची. ही मुलगी अखेर अमर्त्यांत सामील होते; मेरीबेलप्रमाणे ती भावाच्या आठवणीत विरघळून जात नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या उणिवेला लेखिकेने दिलेले हे उत्तर आहे की नाही, हे सांगणे अवघड. पण वाचकाला ते तसे वाचण्याचा अधिकार आहे.

दुसरी गोष्ट त्या पेटीची. मूळ मालिकेत मेरीबेल नाहीशी झाल्यावर एडगरजवळ काहीच उरले नव्हते, आणि ती पोकळी त्याने दुसऱ्या मुलाने भरली. ॲलनच्या बाबतीत तो असे करीत नाही. जे उरले आहे ते तो सोबत बाळगतो. जुन्या व्यवस्थेत आठवण ठेवणे हा मर्त्यांचा धर्म होता आणि निघून जाणे हा अमर्त्यांचा. आता एडगर निघून जाऊ शकत नाही. तो चार्ल्सच्या आणि एलिझाबेथच्या पंक्तीत येऊन बसला आहे. त्याचे वय वाढलेले नाही, पण त्याच्यापाशी भूतकाळ आला आहे. माझ्या मते नव्या भागांचे समर्थन करावयाचे तर ते याच मुद्द्यावर करता येईल. कुळाचा विस्तृत इतिहास गाळला, तरी ही एक प्रतिमा मूळ कृतीच्या शेजारी उभी राहू शकते.

६

शेवटी लेखिकेच्या पुनर्भेटीसंबंधी एक बाब विचारात घेणे आवश्यक आहे. १९७० ते १९७२ या काळात हागिओ आणि ताकेमिया तोक्योतील ओइझुमी भागात एका घरात राहत होत्या. ते घर पुढे तरुण चित्रकथाकारांचे भेटण्याचे ठिकाण म्हणून विख्यात झाले. ताकेमिया यांचे आत्मकथन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या काळाविषयीचे कुतूहल वाढले. हागिओ यांनी २०२१ मध्ये आपली बाजू लिहिली. ती एकदाच सांगत आहोत आणि पुन्हा सांगणार नाही, हा आशय त्या पुस्तकाच्या शीर्षकातच आहे. त्यांच्या कथनानुसार दुराव्याला निमित्त झाली ती ‘कोतोरी नो सु’ हीच कथा. मुलांच्या निवासी शाळेचा तोच परिसर ताकेमिया यांनी आपल्या नियोजित कृतीसाठी मनात धरलेला होता.

दोन पुस्तकांतून दिसणाऱ्या या संबंधाचा निवाडा करणे समीक्षेचे काम नाही. समीक्षेच्या दृष्टीने लक्षणीय आहे ते एवढेच, की एडगरकडे चाळीस वर्षांनी परत जाणाऱ्या लेखिकेने स्वतःच्या तारुण्यातील त्या घराकडे परत जाण्यास नकार दिला आहे. पुनर्भेट ही नेहमीच इष्ट असते, असे आपण वाचक मानून चालतो. जुने पुस्तक उघडण्यास काही खर्च येत नाही, म्हणून आपल्याला तसे वाटते. ज्याने ते जगून लिहिले, त्याच्या बाजूने हिशेब वेगळा असू शकतो. ‘पो नो इचिझोकू’ ही कृती हे आधीपासून जाणते. तिच्यात पुन्हा भेटणे कोणालाच सुखाचे होत नाही. चार्ल्सला ती मुलगी पुन्हा दिसते, पण तिच्या नजरेसमोर उभा असतो तो एक परका प्रौढ माणूस.

पुनर्वाचन करणाऱ्या आपल्या सर्वांची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. आपण एडगरला ओळखतो. तो आपल्याला ओळखत नाही. ही असमानता एकदा मान्य केली, की जुन्या आवडीचे पुस्तक पुन्हा उघडताना हरवलेले वय परत मिळविण्याची अपेक्षा गळून पडते आणि साक्षीदाराचे साधे काम उरते : आपण काय पाहिले होते आणि आज काय दिसते, हे प्रामाणिकपणे नोंदविणे. मुलींच्या मासिकातील एका चित्रकथेने हे काम वाचकाला नेमून दिले आहे. ती आपल्या अभ्यासाच्या कक्षेत घ्यावी की रंजनपर म्हणून बाहेर ठेवावी, याचा निर्णय तिच्या प्रकारावरून न करता या नेमणुकीवरून करावा, असे वाटते.